मेनूकार्डावरची पांढरी पट्टी

मेनूकार्डाच्या दुसऱ्या पानावर, वरून सहाव्या ओळीवर, एक पांढरी कागदी पट्टी चिकटवलेली होती. पट्टी सरळ कापलेली नव्हती. तिची उजवी कड तिरपी गेली होती आणि तिच्याखालून एका अक्षराची वेलांटी डोकावत होती. त्या एका वेलांटीवरून मी खालचे नाव ओळखले. वास्तविक ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, कारण गेली चौदा वर्षे त्या हॉटेलात मी मेनूकार्ड उघडत असे ते केवळ हात रिकामे राहू नयेत म्हणून. काय मागवायचे ते घरातून निघतानाच ठरलेले असे. त्या दिवशी मी ते कार्ड पहिल्यांदा खरोखर वाचले, आणि जे वाचायचे होते तेवढेच झाकलेले होते.

आमच्या टेबलावर नेहमी वाढायला येणाऱ्या काकांना मी विचारले, "आज नाहीये का?"

"आज नाही असं नाही, ताई," ते म्हणाले, "आता बंदच केलंय."

हॉटेलात जाणाऱ्या प्रत्येकाला 'संपले' हा शब्द परिचयाचा असतो. उशिरा पोहोचल्याची ती शिक्षा असते, तिच्यात उद्याचे आश्वासन दडलेले असते, आणि संपलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी अधिकच हवासा वाटतो. 'बंद केले' या शब्दांत उद्या नसतो. काकांनी ते शब्द इतक्या हळू आवाजात उच्चारले की त्यांनाही ते सांगणे जड जात असावे असे मला वाटले, आणि त्यांचा तो हळू आवाज मला त्या क्षणी फार मोलाचा वाटला. मी दुसरे काहीतरी मागवले. काय मागवले होते ते आज आठवत नाही.

त्या पदार्थाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की वाचणाऱ्याच्या मनात त्याने स्वतः खाल्लेला त्याच नावाचा पदार्थ उभा राहील, त्याच्या चवीशी तो माझ्या वर्णनाची तुलना करील आणि मी ज्याच्याविषयी बोलते आहे तो बाजूला राहील. एकाच नावाचे पदार्थ शंभर ठिकाणी मिळतात. माझा जो गेला तो त्या नावाचा पदार्थ नव्हता, त्या एका भटारखान्यातला, त्या एका आचाऱ्याच्या हातचा होता. एवढे मात्र सांगते की तो पसरट, झाकण घातलेल्या भांड्यात येत असे. कडेला तो खरपूस, जवळजवळ करपण्याच्या सीमेवर थांबवलेला असे, आणि मध्यभागी इतका मऊ की चमच्याला आपले वजनही टाकावे लागत नसे. त्याचा आंबटपणा पहिल्या घासाला जाणवत नसे. घास गिळून झाल्यावर, जिभेच्या मागच्या बाजूला, तो सावकाश उगवत असे. काका ते भांडे टेबलाच्या कडेला ठेवत, मग आधी सर्वांच्या ग्लासात पाणी भरत आणि त्यानंतरच झाकण उचलत. भूक लागलेली असताना त्या पाणी भरण्याचा मला अनेकदा राग आलेला आहे. या गोष्टीकडे मी पुढे परत येणार आहे.

चौदा वर्षांत माझे घर दोनदा बदलले, काम तीनदा बदलले, आणि माझ्या धाकट्या बहिणीशी माझा अबोला झाला, जो जवळजवळ दोन वर्षे टिकला. तो अबोला सुटला तो त्याच टेबलावर. आम्हा दोघींना एकत्र बोलावणाऱ्या मैत्रिणीने ऐन वेळी येण्याचे टाळले, आम्ही समोरासमोर बसलो, आणि काय बोलावे ते दोघींनाही सुचेना. भांडे आले. पाणी भरून झाले, झाकण उचलले गेले, आणि बहिणीने नेहमीप्रमाणे कडेचा खरपूस भाग माझ्या बाजूला सरकवला, कारण तिला मधला मऊ भाग आवडतो आणि मला कडा, हे आमचे लहानपणापासूनचे वाटप आहे. त्यानंतर क्षमा कोणी मागितली, कोणी मागायला हवी होती, हे प्रश्न शिल्लक राहिले नाहीत. हा प्रसंग त्या पदार्थामुळे घडला असे मी म्हणणार नाही. पण तो ज्या भांड्याभोवती घडला ते भांडे पुन्हा मागवता येते, ही गोष्ट मला नंतर कितीतरी वर्षे आधारासारखी वाटत आली होती.

घरी आल्यावर ज्यांना ज्यांना मी हे सांगितले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी "मग दुसरं काहीतरी मागवायचं" असे उत्तर दिले. त्यांचा हेतू चांगला होता. तरीही मला ते उत्तर पटले नाही आणि आजही पटत नाही. एखादी वस्तू आपल्याला आवडते आणि आपण ती वारंवार मागवतो, असे आपण समजतो. परंतु उलट्या दिशेनेही काहीतरी घडत असते. रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते की माणसाला एखादी अनोळखी गोष्ट, मग ती अर्थहीन अक्षरे का असेनात, पुन्हा पुन्हा समोर आणली की ती अधिकाधिक आवडू लागते. त्यासाठी त्या पुनरावृत्तीपलीकडे कोणत्याही बक्षिसाची आवश्यकता नसते. म्हणजे माझी आवड ही पहिल्या दिवशी पूर्ण झालेली नव्हती. ती चौदा वर्षांत, घासाघासाने, मुरत गेली होती. दुसरे काहीतरी मागवता येईल हे खरे, पण त्याच्याशी अशी ओळख व्हायला मला आणखी चौदा वर्षे लागतील, आणि वयाच्या या टप्प्यावर ती मी कुठून आणू?

चवीच्या बाबतीत हे अधिक खोलवर जाते. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. घास चावताना आणि गिळताना तोंडातली वाफ घशामागून नाकात चढते आणि तिथे तो पदार्थ खऱ्या अर्थाने ओळखला जातो. आता गंधाचा मेंदूतला रस्ता इतर संवेदनांपेक्षा वेगळा आहे. दृष्टी, श्रवण आणि स्पर्श यांचे संदेश मेंदूच्या वरच्या थरांत पोहोचण्याआधी थॅलॅमस नावाच्या केंद्रातून जातात, तर गंधाचे संदेश त्या केंद्राला वळसा घालून भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या भागांशी फार लवकर जोडले जातात. माझ्या गळ्याच्या मागे उगवणारा तो आंबटपणा, त्याच्यासोबत चढणारी ती खरपूस वाफ आणि बहिणीने सरकवलेली ती कड ही एकाच ठिकाणी ठेवली गेली असणार. छायाचित्र पाहून मला तो दिवस आठवतो. त्या पदार्थाच्या वासाने मात्र तो दिवस परत येत असे.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेले. या वेळी दुपारची गर्दी ओसरल्यावर गेले, आणि काकांना विनंती केली की मुख्य आचाऱ्यांना पाच मिनिटे वेळ असेल तर मला त्यांच्याशी बोलायचे आहे. तक्रार करण्याचा माझा हेतू नव्हता. मला कारण हवे होते, कारण माणूस गेला तरी आपण आधी 'काय झाले होते' असे विचारतो आणि उत्तर मिळाल्याने काही फरक पडत नसला तरी उत्तर मिळेपर्यंत आपल्याला चैन पडत नाही.

ते बाहेर आले, हात पुसत समोर बसले आणि त्यांनी मला इतक्या मोकळेपणाने सर्व सांगितले की माझ्या मनातला उरलासुरला रोषही निघून गेला. त्या पदार्थाची तयारी आदल्या रात्री सुरू करावी लागे. म्हणजे उद्या किती माणसे तो मागवतील याचा अंदाज आज रात्री बांधायचा. अंदाज चुकला तर कमी पडून गिऱ्हाईक नाराज, किंवा उरून सगळे फेकायचे. त्याला लागणारे जिन्नस दुसऱ्या कोणत्याच पदार्थात वापरले जात नव्हते, त्यामुळे उरलेला माल अन्यत्र खपवण्याची सोय नव्हती. ऐन गर्दीच्या वेळी तो एक पदार्थ एक संपूर्ण शेगडी बारा-पंधरा मिनिटे अडवून ठेवत असे, आणि तेवढ्या वेळात त्याच शेगडीवर दुसरे चार पदार्थ निघाले असते. हे सारे ते वर्षानुवर्षे निभावत आले होते, कारण त्या पदार्थावर हात बसलेला एक वयस्क आचारी त्यांच्याकडे होता. त्याचा खांदा निकामी झाला आणि तो घरी बसला. त्यानंतर दोघांनी प्रयत्न करून पाहिला. "जमत नव्हतं असं नाही," ते म्हणाले, "पण रोज एकसारखं होत नव्हतं. एक दिवस चांगलं आणि एक दिवस बरं, असं ताटात घालायला मला लाज वाटते."

हे शेवटचे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. पदार्थ काढून टाकणारा माणूस त्याच्याविषयी बेफिकीर असतो असे मी गृहीत धरून गेले होते, आणि प्रत्यक्षात त्याला त्या पदार्थाची माझ्याइतकीच, कदाचित माझ्याहून अधिक, काळजी होती.

त्यांच्याकडे एक वहीही होती. कोणता पदार्थ किती गेला याची ती रोजची नोंद होती आणि तिच्यात माझा पदार्थ बराच खाली होता. अशा नोंदींचा हिशेब कसा करतात याविषयी मी नंतर वाचले. मिशिगन स्टेट विद्यापीठातले मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी १९८२ साली 'मेनू इंजिनिअरिंग' नावाची पद्धत मांडली आणि ती पुढे हॉटेल-व्यवसायाच्या शिक्षणात सर्वदूर शिकवली गेली. तिच्यात प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारतात: तो किती जातो, आणि प्रत्येक ताटामागे जिन्नसांचा खर्च वजा जाता हाती किती उरते. दोन्ही बाबतींत वर असलेल्या पदार्थांना तारे म्हणतात. खूप जाणाऱ्या पण थोडे मिळवून देणाऱ्यांना नांगराचे घोडे. थोडे जाणाऱ्या पण बरे मिळवून देणाऱ्यांना कोडी. आणि दोन्हीकडे खाली असलेल्यांना कुत्री. 'खूप' आणि 'थोडे' यांच्यातली रेघ ते अशी आखतात, की सर्व पदार्थ सारखेच खपले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला जे आले असते त्याच्या ७० टक्के तरी त्या पदार्थाने गाठले पाहिजे. कार्डावर २० पदार्थ असतील तर समान वाटा ५ टक्के आणि उंबरठा ३.५ टक्के. दिवसाला २०० ताटे जात असतील तर सात. सात ताटांच्या खाली गेलेला पदार्थ संशयिताच्या यादीत येतो.

ही पद्धत मला चुकीची वाटत नाही. तिच्याशिवाय कितीतरी हॉटेले बुडाली असती आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सगळेच पदार्थ गेले असते. परंतु ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न 'किती जणांनी मागवला' एवढाच आहे. 'किती जण त्याच्यासाठी आले' हा प्रश्न त्या वहीत मावत नाही. आम्ही पाच मैत्रिणी महिन्यातून एकदा तिथे जात असू ते केवळ माझ्या आग्रहामुळे. वहीत त्या दिवशी माझ्या पदार्थापुढे एक रेघ पडत असे आणि इतर चौघींच्या चार रेघा इतर पदार्थांच्या नावे जमा होत. त्या चार रेघा खरे तर कोणामुळे आल्या होत्या हे वहीला कळण्याचा मार्ग नव्हता, कारण ते मी कधीही कोणाला सांगितले नव्हते.

याच जागी मला थांबावेसे वाटते, कारण या सबंध प्रकरणात मला सर्वांत अधिक सलणारी गोष्ट हीच आहे. चौदा वर्षांत काकांनी मला किमान दीडशे वेळा तरी "कसं होतं?" असे विचारले असेल, आणि दीडशे वेळा मी "छान" असे म्हटले असेल. 'छान' हा शब्द कोणत्याही गोष्टीला चालतो. उगवत्या आंबटपणाविषयी मी बोलले नाही. करपण्याच्या एक क्षण आधी कोणीतरी तो रोज थांबवतो आहे याची मला जाणीव आहे, हे मी कळवले नाही. तो थांबवणारा माणूस भिंतीपलीकडे, वीस पावलांवर, एका दुखऱ्या खांद्याने काम करीत होता. त्याचे नावदेखील मला तो गेल्यानंतर कळले. मी एकटीने बोलून तो पदार्थ टिकला असता असे मी मानत नाही. त्याचा खांदा माझ्या कौतुकाने बरा झाला नसता. पण त्याला घरी बसताना हे ठाऊक असायला हवे होते.

लोक न बोलता किती जपून ठेवतात याचे एक ठळक उदाहरण १९८५ सालचे आहे. कोका-कोला कंपनीने त्या वर्षी २३ एप्रिलला आपल्या पेयाची जुनी कृती बदलून नवी आणली. त्यापूर्वी सुमारे दोन लाख लोकांना चव देऊन पाहिली होती आणि त्यांतल्या बहुसंख्यांनी नव्या चवीला पसंती दिली होती. तरीही नवे पेय बाजारात येताच तक्रारींचे फोन आणि पत्रे यांचा पूर आला, आणि ११ जुलैला, म्हणजे ७९ दिवसांत, कंपनीला जुने पेय परत आणण्याची घोषणा करावी लागली. चाचणीत लोक खोटे बोलले नव्हते. दोन घोटांपैकी कोणता अधिक आवडतो हे त्यांना विचारले होते. जुना कायमचा काढून घेतला तर चालेल का, हे विचारले गेले तेव्हा त्यांनी वेगळे उत्तर दिले. मला यात एक दुःख असेही दिसते की तिथे लाखो लोक होते म्हणून त्यांचा आवाज पोहोचला. दिवसाला पाच ताटे जाणाऱ्या पदार्थाची पाच माणसे काय करणार? ती एकमेकांना ओळखतही नाहीत. माझ्यासारखे आणखी चौघे त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहत बसले असतील, वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या टेबलांवर.

पदार्थ अमर ठेवण्याचा चंग बांधलेली ठिकाणेही जगात आहेत. पॅरिसमधले 'ला तूर दार्जां' हे रेस्टॉरंट १८९० पासून आपल्या प्रसिद्ध बदकाच्या प्रत्येक ताटाला क्रमांक देत आले आहे आणि तो क्रमांक छापलेले कार्ड खाणाऱ्याच्या हाती ठेवते. २००३ साली तो आकडा दहा लाखांवर गेला. याच्या अगदी उलट टोकाला फेरान आद्रिया यांचे स्पेनमधले 'एल बुयी' होते, जिथे दर हंगामात पदार्थ नवे येत आणि जुने निवृत्त होत. ३० जुलै २०११ रोजी ते बंद झाले तोपर्यंत १,८४६ पदार्थांची क्रमवार सूची तयार झाली होती. तिथे खाणाऱ्याला आधीच ठाऊक असे की समोरचा पदार्थ पुन्हा भेटणार नाही. मला या दोन्ही टोकांचा आदर वाटतो, पण माझे हॉटेल या दोहोंच्या मधले होते, जसे बहुतेकांचे असते: तिथे कोणी अमरत्वाचे वचन दिले नव्हते आणि कोणी निरोपाची तारीखही सांगितली नव्हती. ती तारीख कळली असती तर मी शेवटच्या दिवशी गेले असते. मी जे शेवटचे भांडे खाल्ले ते शेवटचे आहे हे न जाणता खाल्ले, बहुधा फोनवर बोलता बोलता, आणि त्याची चव मला आठवत नाही. इतर दीडशे वेळांची आठवते.

कधीकधी पदार्थ जातो कारण त्याचा जिन्नसच जगातून जातो. प्राचीन रोमन स्वयंपाकात मोठा मान असलेली सिल्फियम नावाची वनस्पती उत्तर आफ्रिकेतल्या सायरीनच्या परिसरात उगवत असे. पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे की त्याच्या हयातीत तिचा एकच देठ सापडला आणि तो सम्राट नीरोकडे पाठवण्यात आला. अमेरिकेतल्या हॉटेलांच्या एकोणिसाव्या शतकातल्या मेनूंवर भटके कबूतर सर्रास असे; त्या जातीचा शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. अशा वेळी कृती हाती असूनही उपयोग नसतो. माझ्या पदार्थाचे तसे झाले नव्हते. त्याचा प्रत्येक जिन्नस बाजारात मिळत होता, आणि या विचाराने मला पहिल्यांदा थोडी उमेद आली.

तो एकोणिसाव्या शतकातला मेनू आज कोणाला वाचता येतो याचे श्रेय फ्रँक बटॉल्फ या बाईंना द्यायला हवे. १९०० सालापासून १९२४ साली झालेल्या मृत्यूपर्यंत त्यांनी न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयासाठी सुमारे २५ हजार मेनूकार्डे गोळा केली. हॉटेलांना पत्रे लिहून, कधी स्वतः जाऊन मागून. त्यांना खाण्यात फारसा रस नव्हता, नोंद राहावी यात होता, आणि हे वाचल्यावर मला त्यांच्याविषयी एक वेगळीच आपुलकी वाटली. २०११ पासून त्या ग्रंथालयाने स्वयंसेवकांच्या मदतीने या कार्डांवरची पदार्थांची नावे अक्षरशः ओळीओळीने उतरवून घ्यायला सुरुवात केली. मी ती नावे पाहत बसले. त्यांतल्या कित्येकांचा अर्थ मला कळला नाही, पण प्रत्येक ओळीमागे ती ओळ घरातून निघतानाच ठरवून येणारे कोणीतरी असणार हे मात्र कळत होते.

पुढच्या भेटीत मी मुख्य आचाऱ्यांना एक कागद आणि पेन दिले. ते हसले आणि म्हणाले की कृती त्यांनी कधी लिहिलेली नाही, पण सांगतो, तुम्ही लिहा. त्यांनी चाळीस ताटांचे माप सांगितले, कारण त्याहून लहान माप त्यांना ठाऊकच नव्हते. मी प्रत्येक आकड्याला मनात चाळीसने भागत गेले. भिजवण्याचा वेळ, वाटण्याचा जाडसरपणा, आंबट कधी घालायचे, हे सर्व त्यांनी नेमके सांगितले, आणि शेकण्याचा टप्पा आला तेव्हा ते अडले. किती मिनिटे, असे मी विचारले. "मिनिटं नाही सांगता येणार. आवाज बसला की काढायचं." आवाज बसला म्हणजे काय, हे त्यांनी हाताने दाखवले: आधी बोटे थरथरवली, मग ती हळूहळू स्थिर केली. निवृत्त झालेला आचारी शेगडीकडे पाठ करून दुसरे काम करीत असे आणि आवाजावरून वळत असे, असे ते म्हणाले.

घरी पहिल्या तीन वेळा माझा पदार्थ सरळ सरळ फसला. मध्यभाग बरा झाला, कडा मात्र फिकट आणि ओलसर राहिल्या. त्याचे कारण नंतर समजले. अन्न खरपूस होते ते त्यातली प्रथिने आणि शर्करा यांच्यात उष्णतेने होणाऱ्या एका अभिक्रियेमुळे, जिचे वर्णन लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केले. ती जोमाने व्हायला साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर जावे लागते, आणि अन्नाच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहते. हॉटेलातली मोठी शेगडी ते पाणी क्षणार्धात उडवून देते. घरच्या शेगडीला ते जमत नाही. भांडे थंड पडते, सुटलेले पाणी तळाशी साचते आणि पदार्थ शेकला जाण्याऐवजी उकडतो. चौथ्या वेळी मी जाड बुडाचे भांडे घेतले, ते पुष्कळ वेळ रिकामे तापवले आणि एकाच ताटाचा ऐवज त्यात घातला. तेव्हा मला तो आवाज प्रथम ऐकू आला. चरचर म्हणजे पाण्याचे वाफ होणे. पाणी कमी होत जाते तसा आवाज बारीक होत जातो, आणि तो बसतो त्या क्षणी पृष्ठभाग कोरडा झालेला असून खरपूसपणा वेगाने वाढू लागलेला असतो. आचाऱ्याच्या कानाला जे ठाऊक होते ते घड्याळाला कधीच सांगता आले नसते.

पाचव्या आणि सहाव्या वेळी कडा जमल्या. सातव्या वेळी रंग, मऊपणा, कडा, सारे जमले, आणि मी शेगडीजवळ उभी राहूनच पहिला घास घेतला. घास उत्तम होता, पण तो पदार्थ तो नव्हता. आंबटपणा लगेच, पुढच्या बाजूला, धारदार लागत होता. मागून उगवत नव्हता. मी कागद पुन्हा वाचला, आंबटाचे प्रमाण पुन्हा भागून पाहिले. ते बरोबर होते. मग रात्री झोपण्यापूर्वी मला एकाएकी भांड्याचे ते झाकण आठवले. भटारखान्याच्या खिडकीपासून आमच्या टेबलापर्यंतचा तो बोळ आठवला, भांडे टेबलाच्या कडेला ठेवून सर्वांच्या ग्लासात पाणी भरणारे काका आठवले, आणि ज्या विलंबाचा मला राग येत असे त्या विलंबात झाकणाखाली, आपल्याच वाफेत, काय होत असले पाहिजे ते लक्षात आले.

आठव्या वेळी मी बहिणीला जेवायला बोलावले. आवाज बसल्यावर भांडे खाली उतरवले, झाकण घातले आणि ते टेबलाच्या कडेला ठेवले. तिने झाकणाकडे हात नेला तेव्हा मी तिला थांब म्हटले. आधी तिच्या ग्लासात पाणी भरले, मग माझ्या.